बसू का दोन मिनिटं?



आमच्या भेस्तानच्या सोसायटीतली एक मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा जिन्यात भेटली आणि म्हणाली, "काका, आमच्या पुस्तकात ‘चॅपलेन’ असा शब्द आलाय. मॅडम म्हणाल्या, हॉस्पिटलमधला पाद्री. पण तो तिथे करतो काय? औषध देत नाही, पट्टी बांधत नाही. मग पगार कशाचा?"

प्रश्न रोखठोक होता. मी म्हटले, "रविवारी चहाला ये, सांगतो." ती आली, तिच्या दोन मैत्रिणीही आल्या. त्यांना जे सांगितले तेच या वेळच्या सदरात लिहितो आहे. थोडे जास्तच लिहितो, कारण या विषयात माझ्या डोक्यावर एक जुने देणे आहे.

आधी ते देणे सांगतो.

आमचे आप्पामामा अमळनेर तालुक्यातले. विशीत उधन्याला उतरले ते इथलेच झाले. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये सत्तावीस वर्षे काढली. रंगाच्या वाफेत उभे राहून दोन मुलींची लग्ने केली, भेस्तानला दोन खोल्यांचे घर घेतले. मग लिव्हरचे दुखणे निघाले. शेवटी त्यांना ख्रिस्ती संस्थेच्या एका दवाखान्यात ठेवले होते. मामी रात्री थांबायची, दिवसा मी.

तिथे रोज दुपारी एक साधा माणूस यायचा. पांढरा झगा नाही, काही नाही. अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खिशाला नावाची पट्टी. दारात उभा राहून विचारायचा, "बसू का दोन मिनिटं?" पहिल्या दिवशी मीच त्याला बाहेर अडवले. म्हटले, "साहेब, आम्ही माळकरी माणसं. आम्हाला तुमच्या धर्माचं काही ऐकायचं नाही." तो म्हणाला, "बरोबर आहे. मी सांगायला नाही आलो. आप्पांना नको असेल तर जातो." आणि खरेच गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात, पुन्हा तोच प्रश्न. या वेळी मामांनीच हात केला.

तो धुळ्याकडचा निघाला. खुर्ची ओढून त्याने अहिराणीत विचारले, "कोन्ता गावना शेतस आप्पा?" मामांचा चेहरा असा उजळला की मला माझीच लाज वाटली. आम्ही आठ दिवस त्यांच्याशी फक्त गोळ्या, रिपोर्ट आणि ‘सगळं ठीक होईल’ एवढेच बोलत होतो.

चौथ्या-पाचव्या दिवशी मामा त्याच्यापाशी बोलले. शेताच्या वाटणीवरून धाकट्या भावाशी अकरा वर्षे अबोला होता. एका बांधाची गोष्ट. आम्हा सगळ्यांना ठाऊक होती, पण घरात कोणी काढत नव्हते. त्या माणसाने उपदेश केला नाही, कोणाची चूक तेही विचारले नाही. सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाला, "त्यांचा नंबर आहे का कोणाकडे?"

नंबर माझ्याकडे होता. अकरा वर्षे माझ्याकडे होता.

धाकटे मामा दुसऱ्या दिवशी आले. दोघे भाऊ फारसे बोलले नाहीत. धाकटे मामा उशाशी बसून राहिले, पायावरची चादर सारखी करत राहिले. आप्पामामा त्यानंतर नऊ दिवसांनी गेले. तेराव्याला मामी मला म्हणाली, "तो पाद्री आला नसता तर ह्यांचा जीव अडकला असता रे." ज्याला मी दारातून परत पाठवले होते, त्याचेच हे काम. देणे म्हणालो ते हे.

आता त्या शब्दाकडे येऊ.

‘चॅपलेन’ या शब्दाच्या मुळाशी एक कापड आहे. आपल्या सुरतकरांना हे आवडावे! चौथ्या शतकात मार्टिन नावाचा एक रोमन शिपाई होता. आजच्या फ्रान्समधल्या अमियाँ गावाच्या वेशीवर, कडाक्याच्या थंडीत, त्याला एक उघडा भिकारी दिसला. जवळ पैसे नव्हते, म्हणून त्याने तलवारीने आपला अंगरखा मधोमध कापला आणि अर्धा त्याला दिला, अशी कथा आहे. पुढे तो बिशप झाला, संत मानला गेला आणि त्याचे ते वस्त्र राजे लोक जपून ठेवू लागले. लॅटिनमध्ये त्या वस्त्राला ‘कॅपेला’ म्हणत; ते सांभाळणारे पुरोहित ते ‘कॅपेलानी’. त्यावरूनच चॅपल आणि चॅपलेन हे दोन्ही शब्द आले. गावातल्या चर्चचा धर्मगुरू चर्चमध्ये असतो, लोक त्याच्याकडे जातात. चॅपलेनचे उलट असते. माणसे जिथे अडकलेली असतात, म्हणजे इस्पितळ, छावणी, तुरुंग, जहाज, कारखाना, शाळा, तिथे तो जातो.

आणि मंडळी, हिंदुस्थानात असे चॅपलेन सुरुवातीला ज्या गावात नेमले गेले, त्यात आपले सुरत आहे. इंग्रजांची वखार इथे १६१३ च्या सुमारास सुरू झाली. वखार म्हणजे त्या काळचे ऑफिस, गोदाम आणि हॉस्टेल एकत्रच. कोवळ्या वयाची कारकून मुले सहा-सात महिन्यांचा समुद्रप्रवास करून यायची आणि त्यातली कितीतरी परत जायचीच नाहीत. ताप, हगवण, दारू आणि घरची आठवण. त्यांच्यासाठी कंपनीने पगारी चॅपलेन ठेवले. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, रविवारी प्रवचन, आजाऱ्याजवळ बसणे आणि मेलेल्याला मूठमाती देणे ही त्यांची कामे. आज आपण ज्याला ‘वर्कप्लेस चॅपलेन’ म्हणतो, त्याचे हे जुने रूप. यातला हेन्री लॉर्ड हा सुरतेतल्या वाण्यांच्या आणि पारशांच्या चालीरीती विचारत बसला आणि १६३० साली त्यावर त्याने पुस्तक छापले. एडवर्ड टेरी जहांगिराच्या दरबारी आलेल्या सर टॉमस रो याचा चॅपलेन होता. जॉन ओव्हिंग्टन १६८९ साली इंग्लंडहून निघाला. त्याच्या सुरतेच्या प्रवासवर्णनात इथल्या वखारीतला दिनक्रम वाचायला मिळतो. कतारगाम दरवाजाकडे इंग्रजांची जुनी कबरस्तान आहे, तिथले ऑक्सेंडन बंधूंचे घुमटदार थडगे तुमच्यापैकी काहींनी शाळेच्या सहलीत पाहिले असेल. एवढ्या मोठ्या थडग्यांच्या आजूबाजूला ज्यांची नावे पुसली गेली अशीही माणसे झोपली आहेत. त्यांच्या शेवटच्या घटकेला घरचे कोणी नव्हते. असलाच कोणी तर तो चॅपलेन.

आता खास आपली गोष्ट. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले, तेव्हा वखारीत जॉर्ज ऑक्सेंडन प्रमुख होता आणि जॉन एस्कॅलिऑट नावाचा चॅपलेन होता. शहराचा सुभेदार किल्ल्यात जाऊन बसला, अर्धे शहर पळाले. वखारीतले लोक थांबले, चॅपलेनही थांबला. धुरळा खाली बसल्यावर त्याच महिन्यात त्याने इंग्लंडला टॉमस ब्राऊन या नामांकित डॉक्टर-लेखकाला लांबलचक पत्र लिहिले. महाराजांना ज्यांनी समोर पाहिले त्यांच्याकडून ऐकून त्याने त्यांचे रूप लिहून ठेवले: उंचीने बेताचे, पण ताठ आणि प्रमाणबद्ध बांध्याचे, बोलताना हसल्यासारखे वाटणारे, तीक्ष्ण नजरेचे, वर्णाने आपल्या माणसांपेक्षा उजळ. शाळेच्या पुस्तकांपासून पोवाड्यांच्या प्रस्तावनांपर्यंत हे वर्णन आपण वाचत आलो. ते एका चॅपलेनच्या हातचे आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? तो महाराजांचा चाहता नव्हता. त्याच्या लेखी ते बंडखोरच होते. तरीही जे ऐकले ते त्याने न बिघडवता लिहिले. समोरच्याचे म्हणणे आपल्या मताची फोडणी न देता ऐकणे हाच या कामाचा गाभा आहे.

दुसरीकडूनही एक आठवण आहे. बर्निए हा फ्रेंच प्रवासी लिहितो की त्याच स्वारीत महाराजांनी सुरतेतल्या अँब्रोज नावाच्या कापुचिन पाद्र्याच्या घराला हात लावू दिला नाही. फिरंगी पाद्री चांगली माणसे आहेत, त्यांना त्रास द्यायचा नाही, अशी त्यांची आज्ञा होती. डचांच्या एका दिवंगत दलालाचे घरही वाचले, कारण तो हयातीत फार दानधर्म करायचा असे महाराजांना कळले. म्हणजे धर्म कोणता यापेक्षा माणूस कोणाच्या उपयोगी पडतो, ही पारख साडेतीनशे वर्षांपूर्वी आपल्याच राजाने आपल्याच गावात करून दाखवली आहे.

आता दवाखान्यातले आजचे काम. हे काम नुसत्या सद्‌भावनेवर चालत नाही, त्याचे शिक्षण असते. अमेरिकेत अँटन बॉइसन नावाचा पाद्री होता. त्याला स्वतःला मानसिक आजाराचे झटके आले, त्याने मनोरुग्णालयात दिवस काढले. बरा झाल्यावर १९२५ मध्ये वूस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात त्याने धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांजवळ नेऊन बसवायला सुरुवात केली. पुस्तके वाचता तशी ही माणसे वाचा, असे त्याचे सांगणे होते. विद्यार्थ्याने रुग्णाशी झालेले बोलणे आठवून लिहायचे, मग सगळ्यांनी मिळून तपासायचे: इथे तू त्याला मध्येच का तोडलेस? इथे तो रडला तेव्हा तू विषय का बदललास? ही पद्धत आज जगभर चालते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातही चॅपलेनचा स्वतंत्र विभाग आहे.

इंग्लंडमध्ये सिसिली साँडर्स ही आधी नर्स, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाली. १९६७ मध्ये तिने लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढले. शेवटच्या आजारातले दुखणे एकट्या शरीराचे नसते, असे तिचे म्हणणे. शरीर दुखते, मन दुखते, पैशाची आणि घरच्यांची चिंता दुखते, आणि ‘माझ्याच वाट्याला का’ हा प्रश्नही दुखतो. पहिल्याला मॉर्फिन आहे. शेवटच्याला गोळी नाही, तिथे माणूसच लागतो. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ मध्ये सुरू झाले, ते देशातले पहिले हॉस्पिस मानले जाते.

महाराष्ट्रात मिशन दवाखान्यांची परंपरा तुमच्या आजी-आजोबांना चांगली ठाऊक आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला रुग्णालय उभे केले आणि ‘मिरजेला नेऊ या’ हा पश्चिम महाराष्ट्रात आशेचा शब्द झाला. आपल्या उधना-जळगाव लाइनवर चिंचपाडा स्टेशन लागते. तिथेही आदिवासी भागात ख्रिस्ती रुग्णालय अनेक दशके चालू आहे. गावाला जाताना गाडीच्या खिडकीतून ते नाव वाचाल तेव्हा लक्षात ठेवा.

कारखान्यांचे ऐका. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४४ मध्ये, शेफील्डच्या पोलाद कारखान्यांत टेड विकम नावाचा तरुण पाद्री जाऊ लागला. मालकाची परवानगी घेऊन, आणि युनियनचीही. भट्टीजवळ, जेवणाच्या सुट्टीत, कामगारांमध्ये बसायचा. तो ना मालकाचा माणूस, ना युनियनचा. म्हणूनच दोन्हीकडचे त्याच्याशी बोलत. जहाजांवरच्या खलाशांसाठी तर हे काम त्याहून जुने आहे; ‘मिशन टू सीफेरर्स’ ही संस्था १८५६ पासूनची. बंदराला जहाज लागले की त्यांचा माणूस वर चढतो. आज खलाशी त्याच्याकडे सगळ्यात आधी काय मागतात? बायबल नाही, सिमकार्ड. घरी फोन करायचा असतो. चॅपलेन ते घेऊनच जातो.

शाळांमध्येही चॅपलेन असतात. ऑस्ट्रेलियात २००७ पासून सरकारी पैशाने शाळांत चॅपलेन नेमले गेले. आई-बापांची भांडणे, दादागिरी, परीक्षेची भीती अशा गोष्टी मुले शिक्षकांना सांगत नाहीत, त्या ऐकायला. पण तिथे वादही झाला. एक पालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१२ व २०१४ मध्ये न्यायालयाने सरकारची पैसे देण्याची पद्धत घटनेत बसत नाही असे ठरवले. आता तिथल्या शाळांना धर्माशी संबंध नसलेला समुपदेशकही निवडता येतो. मला हे योग्य वाटते. काम महत्त्वाचे आहे म्हणून त्याला प्रश्न विचारायचे नाहीत असे नसते.

आणि आपलाही प्रश्न विचारायलाच हवा. त्या नर्सिंगच्या मुलीने विचारलाच: "काका, पण धर्म बदलायला लावत असतील तर?"

खरे बोलायचे तर जुन्या मिशन दवाखान्यांत सेवा आणि प्रचार हातात हात घालून चालत. ते कोणी लपवलेही नाही. आजारी माणूस दुबळा असतो, उपकाराखाली असतो. त्या वेळी त्याच्यापुढे कोणताही धर्म मांडणे बरोबर नाही. आपल्या गुजरातमध्ये बळजबरीने, आमिषाने किंवा फसवून धर्मांतर करण्याविरुद्ध २००३ चा कायदा आहे, २०२१ मध्ये तो आणखी कडक झाला. पण चॅपलेनच्या व्यवसायाचे नियमही तेच सांगतात: परवानगीशिवाय बसायचे नाही, रुग्णाने विचारल्याशिवाय आपल्या देवाचे नाव काढायचे नाही, रुग्णाला त्याच्या धर्माचा माणूस हवा असेल तर तो बोलावून द्यायचा. ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांत आज हिंदू, मुसलमान, शीख चॅपलेनही पगारावर आहेत. म्हणून पारख सोपी आहे. ‘नको’ म्हटल्यावर जो उठून जातो तो खरा. आमच्या मामांच्या दारातला माणूस त्या दिवशी उठून गेला, म्हणूनच दुसऱ्या दिवशी त्याला खुर्ची मिळाली.

मग आपण काय करायचे?

आपल्यात हे नव्हतेच असे नाही. गाडगेबाबांनी मुंबईत धर्मशाळा बांधल्या. दादरच्या धर्मशाळेत आजही टाटा हॉस्पिटलचे कॅन्सरचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. पेशंटला दवाखाना असतो, पण त्याच्या माणसाने रात्री पाठ कुठे टेकायची, हे बाबांना दिसले. आमच्या लहानपणी कोणी आजारी पडले की अख्खी गल्ली खाटेभोवती असायची, थोडी जास्तच! आता भेस्तान, सचिन, पांडेसरा, उधना इथे एकेका खोलीत पाच-सहा पोरे राहतात. खानदेशातून आलेली आहेत, तशी ओरिसा-बिहारमधूनही आलेली आहेत. पाळी संपली की झोप, उठले की पुन्हा पाळी. त्यातला एखादा मशिनमध्ये हात सापडून दवाखान्यात पडला तर सोबत्यांना रजा मिळत नाही, आई गावाला असते. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. मी पाहिला आहे.

म्हणून तरुण मंडळींसाठी एक सूचना. आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवाला पन्नास-पन्नास मुले राबतात. त्यातल्या चार-पाच जणांनी महिन्यातून एक रविवार, दवाखान्याची रीतसर परवानगी घेऊन, दोन तास वॉर्डात द्यायचे. फळांचे वाटप नको, फोटो तर मुळीच नको. मी त्या माणसाकडून जे शिकलो ते एवढेच आहे:

दारात थांबून विचारा, "बसू का?" नको म्हटले तर हसून निघा.

उभ्याने बोलू नका, खुर्ची घ्या. उभा माणूस निघालेला वाटतो.

गावाचे नाव विचारा. आजाराचे तो स्वतः बोलला तर ऐका.

‘सगळं ठीक होईल’ म्हणू नका. तुम्हाला ते माहीत नसते, आणि त्याला ते कळते. औषधाचा सल्लाही देऊ नका, तो डॉक्टरांचा प्रांत.

तो गप्प बसला तर तुम्हीही गप्प बसा. मोबाइल खिशात.

ऐकलेले बाहेर सांगू नका, घरी आईलाही नाही. जिवाला धोका वाटण्यासारखे काही बोलला तर मात्र लगेच नर्सला सांगा.

आणि उठण्यापूर्वी विचारा, "कोणाला फोन लावायचा आहे का?"

रविवारच्या चहाला आलेल्या तिघी मुलींनी हे वहीत लिहून घेतले. जाता जाता नर्सिंगवाली म्हणाली, "काका, हे तर कोणीही करू शकतं." मी म्हटले, "हो ना. मीही करू शकलो असतो."

धाकटे मामा आता दर वर्षी आप्पामामांच्या श्राद्धाला भेस्तानला येतात. तो बांध अजून तिथेच आहे, पण दोन्हीकडची पोरे आता एकाच विहिरीचे पाणी देतात. त्या माणसाचा पत्ता मी ठेवला नाही, आभारही नीट मानले नाहीत. तुमच्यापैकी कोणी पहिल्या रविवारी जाणार असाल तर मंडळाच्या कार्यालयात नाव द्या. माझे नाव मी आधीच दिले आहे.